तिचं त्याच्याशी बोलणं

आमच्या कोपरी गावात मे महिन्यात गावच्या क्रुसापुढं रोज संध्याकाळी लदीन होते. मारियेचं एकेक नाव एकानं म्हणायचं आणि बाकी गावानं त्याच्यामागून ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं. शब्द लॅटिन आहेत. मला त्यांतले निम्मेही कळत नाहीत, पण वडिलांनी ते लहानपणी घोटून घेतले होते आणि गळाही त्यांचाच मिळाला. ते गेल्यापासून पहिला सूर माझा असतो. म्हाताऱ्या बाया म्हणतात, याच्या गळ्यात देव बसलाय. असेलही. गळ्याच्या खाली मात्र तो बरीच वर्षं उतरला नाही, हे त्यांना माहीत नाही.

मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो. तिच्या रूपाचा नाही, किंवा माहेरहून मिळालेल्या सोन्याच्या मण्यांचाही नाही. तिची देवाशी जी ओळख आहे, तिचा. पुरुषानं बायकोवर संशय घेतल्याच्या गोष्टी लोक चवीनं ऐकतात. माझी गोष्ट तशी सांगता येत नाही, कारण ज्याच्यावर माझा राग होता त्याच्यापुढं मी रोज गुडघे टेकत होतो.

आम्हाला दोन मुली. धाकटी नुकती बोलायला लागली होती तेव्हा गावात देवीची साथ आली. थोरली उठली, धाकटी उठली नाही. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो; त्या देवळामागच्या कबरस्तानात, भिंतीच्या कडेला तिला पुरलं. त्यानंतर लगेच मे महिना आला. लोकांना वाटलं, यंदा हा लदीन म्हणणार नाही. मी म्हटली. बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि माझा सूर कुठंही हलला नाही. गावात बोलबाला झाला, केवढी श्रद्धा म्हणून. खरी गोष्ट अशी की पोर गेली त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. सूर लावायला बोलावं लागत नाही.

मी धरून चाललो होतो की तिनंही टाकलं असेल. आम्ही दोघं लुटले गेलो होतो. दोघं मिळून रुसलो आहोत, एवढाच मला आधार होता.

पावसाळा अर्धा सरला होता. एके दुपारी मी पुढच्या ओटीवर दोर वळत बसलो होतो. ती मागच्या पडवीत उखळात भात सडत होती. मुसळाचा आवाज मध्येच थांबे, तिचं बोलणं ऐकू येई, मग पुन्हा मुसळ. शेजारीण आली असेल असं मला वाटलं. मग ती हसली. पोर गेल्यापासून ती हसलेली मी ऐकली नव्हती. दोर तसाच टाकून मी आतून गेलो आणि दाराआड उभा राहिलो.

ती म्हणत होती, “पेज जरा पातल दे तिला. घट्ट दिली का ती तोंड फिरवते. आनि मासा देशील तं काटे तू काढ, दुसऱ्या कोनाच्या हाती नको देऊ.” मग थोडं थांबून, “हसतोस काय? तुज्या आयशीला इचार, पोर सांभालनं काय असते ते.”

मी डोकावून पाहिलं. पडवीत कोणीच नव्हतं. कोंबड्या होत्या आणि ती होती. माहेरचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटायला यावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

परका पुरुष असता तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. इथं काय करणार? ज्यानं आमचं घर लुटलं, त्यालाच ती पडवीत बसवून घेत होती. मला ‘तुमी’ म्हणे आणि त्याला ‘तू’. माझ्याशी तिचं दिवसभरात काय बोलणं होई? वाढू का, आणि वाढ. एवढंच.

“कोणाशी बोलत होतीस?” मी पुढं होऊन विचारलं.

ती दचकली नाही. “त्याच्याशी.”

“तो कोण?”

“तुमाला ठावं नाय? रोज संध्याकाली त्याच्यापुढं बसता तुमी.”

“पोर नेली त्यानं! आणि तू त्याला पेजेचं सांगतेस?”

“मंग कोनाला सांगू?” तिनं मुसळ भिंतीला टेकवलं. “पोर त्याच्याकडं हाय. ज्या घरी लेक दिली तिथं बोलनं टाकून चालते काय? उद्या लेकीचेच हाल होतील.”

मी मोठ्यानं म्हणालो, “सगळ्या गावाची लदीन मी म्हणतो. मला शिकवू नकोस.”

“गावाची म्हनता,” ती सुपात तांदूळ ओढत म्हणाली. “तुमची कवा म्हनता?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिला जे इतकं सहज जमतं ते मला का जमू नये, या एकाच विचारानं मी पेटलो होतो. दुसऱ्या दिवशी शेतात एकटाच बेणणी करत, तण काढत होतो; बैल बांधावर चरत होता. इकडंतिकडं बघून मी म्हणालो, “देवा, हे बघ.” पुढं काय बघायचं ते आठवेना. पुन्हा म्हणालो, “देवा, मी काय म्हणतो...” माझाच आवाज मला खोटा वाटला. म्हणून पाठ असलेलं लॅटिन सुरू केलं. ते झराझरा आलं.

बांधापलीकडून शेजाऱ्यानं डोकं वर काढलं. “काय रे, बैलाला लॅटिन शिकवतोस काय?”

मी तण उपटत राहिलो.

“शिकव, शिकव. तो तरी आमेन बोलंल. माजा पोरगा तं देवलात झोपते.”

तो हसत खाली वाकला. पण मला वाटलं, तो देवाच्या बाजूनंच हसतोय. देवाला एका बाईच्या उखळाशी बसायला वेळ आहे आणि माझ्याशी दोन शब्द बोलायला नाही. तिच्यात असं काय आहे? तिला तर जपमाळेतली रहस्यं, म्हणजे येशू-मारियेचे प्रसंग, नीट ओळीनं सांगता येत नाहीत, मधलं एखादं गाळते.

मी पाद्रींकडे पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडून त्यांनी विचारलं, काय केलंस? मी म्हणालो, हेवा करतो. कोणाचा? बायकोचा, असं म्हणायला जीभ वळेना. मी म्हणालो, शेजाऱ्याच्या शेताचा. त्यांनी सांगितलं, मग रोज त्याच्या शेतासाठी प्रार्थना कर. मी केली. त्या वर्षी त्याचं भात जोरात आलं. त्यात माझा वाटा किती, मला ठाऊक नाही. पण देवापुढं बसून मी खोटं बोललो, ते तसंच घशात राहिलं.

मग मी घरात नियम केला. प्रार्थना होईल ती संध्याकाळीच, पुढच्या खोलीत, आल्तारापुढं म्हणजे घरच्या वेदीपुढं, मी सांगेन त्या शब्दांत. उखळाशी, विहिरीवर, चुलीपुढं देवाशी गप्पा चालायच्या नाहीत. मी तिला म्हणालो, “लोक म्हणतात, पोर गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.” असं कोणीही म्हटलं नव्हतं. 

ती म्हणाली, “बरं.”

तिनं नियम पाळला. संध्याकाळी गुडघे टेकी, मी म्हणेन त्यामागून म्हणे आणि उठून जाई. पडवीत आता नुसतं मुसळ ऐकू येई. मी जिंकलो होतो. त्याचा आनंद एक-दोन दिवस टिकला. नंतर लक्षात आलं की घरात कोणीच कोणाशी बोलत नाही. थोरली पोरगीसुद्धा हळू चालायला लागली होती. आणि हेवा कमी झाला म्हणावं तर तोही नाही. तिचे ओठ मिटलेले असत आणि चेहरा तसाच असे. ती मनातल्या मनात बोलते आहे, हे मला दिसत होतं. तिथं माझा नियम पोचत नव्हता.

अशात आगेरा जवळ आला. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. पावसाळा संपताना ज्या घरचं भात पहिलं पिकेल, त्या घरच्या लोंब्यांची पेंडी वाजतगाजत देवळात न्यायची. पाद्री तिला आशीर्वाद देतात आणि मग त्यातली एकेक लोंबी घरोघर आल्तारावर लावतात. आमच्या गावात आणखी एक रीत आहे. पेंडी देवळाच्या पायरीवर आली की गावातला सर्वांत वडील शेतकरी तिच्यातला एक दाणा दाताखाली फोडून बघतो. देवापुढं कच्चं जाऊ नये म्हणून. अलीकडं ती रीत नावापुरतीच उरली होती. कच्चं आणणार कोण?

आमची दोन खाचरं. खाडीकडचं तिनं बायांना घेऊन लावलेलं, रेल्वेच्या बांधाखालचं मी. लावणीच्या वेळी माझा नियम झालेला नव्हता. ती चिखलात वाकून दिवसभर त्याच्याशी बोलत असे, हे मला नंतर बायांकडून कळलं. त्या वर्षी सगळ्या गावाआधी खाडीकडचं खाचर पिवळं पडलं. विहिरीवर बाया म्हणाल्या, “बोलून बोलून पिकवलंय तिनं.” त्या कौतुकानं म्हणाल्या. मी पाण्याला आलो होतो; ते मला टोचलं. रीतीप्रमाणं ज्या बाईनं खाचर लावलं तिच्या डोक्यावर पेंडी जाते. म्हणजे सगळं गाव, ताशेवाले, पाद्रीसुद्धा तिच्यामागून चालणार. आणि मी बाजूला उभा राहून सूर लावणार.

आगेऱ्याच्या दिवशी सकाळीच मी विळा घेतला आणि बांधाखालच्या माझ्या खाचरात गेलो. ते भात तयार नव्हतं. मी शेतकरी आहे, मला ते कळत होतं. ज्या थोड्या लोंब्या वरून पिवळट झाल्या होत्या त्या शोधून काढल्या आणि पेंडीच्या बाहेरच्या बाजूला बांधल्या. आत हिरव्याच होत्या.

घरी आलो तेव्हा ती नवं लुगडं नेसून, लोंब्या कापायला विळा हातात घेऊन, खाडीकडं निघालीच होती. माझ्या खांद्यावर पेंडी बघून ती थबकली. जवळ येऊन तिनं एक लोंबी बोटात धरली.

“ह्या अजून दुधात हायत,” ती हळूच म्हणाली.

“मला शेती शिकवतेस? यंदा पेंडी मी नेणार.”

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. न बोलण्याची सवय मीच तिला लावली होती. तिनं विळा खाली ठेवला आणि माझ्यामागून चालू लागली.

गावात मी सांगून टाकलं की यंदा पेंडी लदीन म्हणणाराच नेणार. कोणी फारसं आड आलं नाही. माझी पोर गेलेली होती, लोक माझं मन सांभाळत होते. ताशे वाजू लागले. मी पुढं, सगळं गाव मागं. देवळापर्यंतच्या त्या वाटेवर, खरं सांगतो, मी सुखात होतो. मागं वळून बघितलं नाही, पण ती मागं आहे हे मला प्रत्येक पावलाला जाणवत होतं.

पायरीवर गावचा म्हातारा उभा होता. आम्ही सगळे त्याला आजा म्हणतो. दृष्टी अधू झालेली, म्हणून त्यानं बाहेरून न बघता पेंडीच्या पोटात हात घातला, आतली लोंबी ओढली आणि एक दाणा दाताखाली धरला. त्याच्या ओठावर पांढरा थेंब आला.

“अरे, दूध!” तो म्हणाला.

मागं कोणीतरी फिसकन हसलं. ताशा थांबला.

आजा थट्टेखोर माणूस. त्यानं ओठ पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काय रे मेल्या, हे लेकरू अजून दूध पितंय. याला आयशीपासून का तोडलंस?”

लोक हसले आणि मध्येच थांबले. आजालाही बोलून गेल्यावर कळलं. त्यानं माझा दंड धरला, काहीतरी पुटपुटला. पाद्री दारातून विचारत होते, काय झालं? मग मला तिचा आवाज ऐकू आला. ती बायांना म्हणत होती, “चला गं, खाडीवरनं दुसरी आनू. लांब नाय.” बाया तिच्यामागून निघाल्या. सगळं गाव पायरीवर वाट बघत उभं राहिलं.

मी पेंडी तशीच हातात घेऊन देवळाला वळसा घातला. ठरवून गेलो नाही. पाय भिंतीच्या कडेला त्या लहानशा कबरीपाशी थांबले. आजाचं वाक्य डोक्यात घुमत होतं. आणि मला कळलं की हा प्रश्न माझाच आहे. पोर गेल्यापासून तो माझ्या तोंडात होता, पण ज्याला विचारायचा त्याला मी तो विचारलाच नव्हता. त्याच्यापुढं लॅटिन म्हणत बसलो होतो.

मी मोठ्यानं म्हणालो, “मी का तोडल्या ते सांगतो. हेव्यानं तोडल्या. ती तुझी लाडकी आहे आणि मी नाही, म्हणून तोडल्या. आता तू का तोडलीस ते तू सांग!”

मग जे तोंडातून आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बैलालाही मी तसं बोललो नसेन. तू आंधळा आहेस काय, म्हणालो. सगळ्या गावात तुला माझंच घर दिसलं काय? तिच्याशी हसतोस आणि माझ्याकडं पाठ करतोस? पाद्रींपुढं मी खोटं बोललो, तेही सांगून टाकलं. पेंडी भिंतीवर आपटली. हिरव्या लोंब्या गवतात पसरल्या. शेवटी खाली बसलो आणि पोर गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो.

उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पण रडून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. इतका वेळ मी त्याला ‘तू’ म्हणत होतो आणि समोर कोणीतरी ऐकतंय असं धरूनच म्हणत होतो. रिकाम्या घराच्या दारात उभं राहून कोणी इतकं भांडत नाही.

देवळात गेलो तेव्हा आशीर्वाद चालू होता. खाडीकडची पेंडी आल्तारापाशी होती, पिवळी धमक. बायको पुढं उभी होती, अंगावर उन्हाची तिरीप. मी मागं खांबाशी उभा राहिलो. पहिला सूर दुसऱ्याच कोणी लावला होता, तो जरा बेसूर होता, आणि कोणाचंच काही अडलं नव्हतं. तिच्याकडं बघून मला हेवा वाटला. लगेच मनात म्हणालो, बघ, पुन्हा वाटला. प्रार्थना म्हणून माझ्याकडं त्या वेळी तेवढंच होतं.

त्या संध्याकाळी पडवीतून तिचं बोलणं ऐकू आलं. तिनं माझी परवानगी मागितली नव्हती आणि मीही काही म्हटलं नाही.

“आज लय शिव्या खाल्ल्यास ना त्यांच्या?” ती त्याला विचारत होती. मला शोधायला ती देवळामागं आली असणार. “खा. लय दिसांनी त्यांच्या हातचं काय भेटलंय तुला.”

मी जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. तिनं सूप सरकवून जागा केली.

“बोला,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“पोरीचं काय सांगायचं असंल तं सांगा. मी जेवनाचं सांगितलंय.”

मी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणालो, “आंघोळीला पाणी फार कढत नको. ती घाबरते. आणि डोक्यावर ओतताना...” तिनं माझं वाक्य पुरं केलं, माझा हात न धरता, उखळाकडं बघत.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. नंतर मी पाद्रींकडे जाऊन शेजाऱ्याच्या शेताचं ते खोटं परत घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, बायकोचा हेवा जाईल तेव्हा जाईल, तोवर तो रोज देवाला दाखवत जा. मी दाखवतो. काही दिवस सांगायला काहीच नसतं; तेव्हा, आज काही नाही, एवढं सांगून कामाला लागतो. आधी मला वाटे, मन भरून आलं की देवाशी बोलावं. आता उलटं करतो. बोलत राहतो, मग कधी मन भरतं, कधी नाही. तिच्याइतकं सहज मला अजून जमत नाही. ती विहिरीवर वाकून त्याला काहीतरी सांगून हसते तेव्हा मला आजही विचारावंसं वाटतं, काय म्हणाला तो?

सध्या ती कल्याणला गेली आहे. थोरलीचा नवरा तिथं रेल्वेत आहे आणि थोरलीचं हे तिसरं बाळंतपण. घरात मी एकटाच. सकाळी चूल पेटवताना, कोंबड्या सोडताना, संध्याकाळी ओटीवर बसताना मी त्याच्याशी बोलतो. शब्द अडखळतात, पण आम्हा दोघांना बोलायला विषय कमी पडत नाहीत. बहुतेक वेळ आम्ही तिच्याबद्दलच बोलतो.